ताटाच्या डोक्याला मीठ

डाव्या कानात घरघर सुरू झाली तेव्हा मी पहिला संशय घेतला तो माझ्या टेम्पोवर.

हळदीचे दिवस होते. शिरड शहापूरच्या आजूबाजूच्या गावांतून हळदीची पोती भरायची आणि हिंगोलीच्या मोंढा बाजारात नेऊन उतरवायची, हा माझा धंदा. गाडी माझी, स्टेअरिंगवर मी, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही हा नियमही माझाच. त्या दिवशी मोकळ्या गाडीत डावीकडून सारखी घरघर यायला लागली. हळद पॉलिश करायचा ड्रम लांब कुठंतरी फिरत असावा तशी. हिंगोलीत मेकॅनिककडे गाडी लावली. त्यानं बॉनेट उघडलं, ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन एकदम बराबर आहे." मी म्हटलं, "मग आवाज काय माझ्या डोक्यातून येऊन राहिला व्हय?" तो हसला. हसला म्हणजे लबाड आहे, असं माझं ठरलं. त्याला पट्टा बदलायला लावला, सायलेन्सर सोडून बघायला लावला, आणि शेवटी रागारागानं इंजिन बंद करून चावी खिशात घातली. घरघर चालूच होती.

तरी मला स्वतःवर संशय आला नाही. माझा स्वभावच तसा आहे. संशय घ्यायला जग एवढं मोठं पडलेलं असताना माणसानं स्वतःपासून कशाला सुरुवात करावी?

मग कान दाटायला लागला. विहिरीत बुडी मारल्यावर पाणी आत जाऊन बसतं तसा. डावीकडून कुणी बोललं की नुसतं तोंड हलताना दिसायचं. चार दिवसांनी आपोआप मोकळा व्हायचा, मग परत दाटायचा. घरात सगळे मुद्दाम हळू बोलतात, माझ्याबद्दलच काहीतरी चाललेलं असतं, असा माझा समज झाला. बायको म्हणायची, "अहो, मी वरडून राहिले इथं, आन तुमी म्हणता कुजबुज करते." मी म्हणायचो, "आत्ता वरडलीस. मघाशी काय म्हणालीस ते सांग."

एकदा मोंढ्यात माल उतरवला आणि तिथूनच नांदेडचं भाडं मिळालं. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. कप हातात घेतला आणि समोरची दुकानं फिरायला लागली. डोकं गरगरणं वेगळं. इथं डोकं जागेवर होतं आणि फाटाच्या फाटा उजवीकडे धावत सुटला होता. ट्रक, केळीची गाडी, पंक्चरवाला, सगळं एका रांगेत पळत होतं आणि संपतच नव्हतं. मी बाकडं धरायला गेलो तर बाकडंही पळालं. खाली पडलो, ओकलो, उठायला गेलो, परत पडलो. आणि हे सगळं मला कळत होतं, ही खरी तकलीफ. शुद्ध गेली असती तर बरं झालं असतं. लोकांचं बोलणं उजव्या कानानं स्वच्छ ऐकू येत होतं. "दिवसाढवळ्या ढोसून आलाय." "डायव्हर आहे राव, लोकं मारंल एखाद दिवशी." मी सांगायला तोंड उघडलं तर शब्दाऐवजी उलटी आली. कुणीतरी मोबाईल काढला होता. मी दारूचा थेंब कधी तोंडात घेतलेला नाही. पण लोळणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?

दोन-तीन तासांनी फाटा जागेवर आला. तोवर चुलतभाऊ येऊन पोचला होता. कुणीतरी माझ्याच फोनवरून त्याला बोलावलं होतं. तो माझ्यापेक्षा लहान, शांत, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांवर माझा आधीपासून राग. त्यानं मला डाव्या सीटवर बसवलं, स्वतः स्टेअरिंगवर बसला आणि म्हणाला, "दादा, तुमी नुसते डोळे मिटून बसा." माझ्या गाडीत मी पहिल्यांदा डावीकडे बसलो. डोळे मिटले नाहीत. त्यानं गिअर कसा टाकला ते बघत बसलो.

मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ गावात पोचला होता. दुसऱ्या दिवसापासून भाडी बंद. ज्यांची हळद मी वर्षानुवर्षं वाहिली ते शेतकरी फोनवर म्हणायचे, "तुमी आराम करा. भावाला पाठवून द्या गाडी घेऊन." आराम करा! हा शब्द असा गोड लावायचे की जीभ हासडावी असं वाटायचं. भाऊ गाडी नेऊ लागला. संध्याकाळी परत लावायचा तेव्हा आरसा त्याच्या उंचीला वळवलेला असायचा. मी रोज सकाळी आरसा माझ्या उंचीला करून ठेवायचो. माझ्या मनात पक्कं झालं की व्हिडिओ पसरवण्यात ह्याचाच हात आहे.

हिंगोलीत आधी एका डॉक्टरनं मान सांगितली, दुसऱ्यानं पित्त सांगितलं. सलाईन दोघांनीही लावली. मग नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. काचेपलीकडे एक पोरगी बसली होती. ती म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. उजव्या कानाला छान आवाज आले. डाव्याला येईचनात. ती मशीनची बटणं दाबत होती, मान हलवत होती, आणि मला खात्री पटली की ही आवाज सोडतच नाही, मला फसवून राहिली. बाहेर येऊन मी तसं बोललोही. तिनं मला परत आत नेलं आणि डावीकडचा हेडफोन माझ्या उजव्या कानाला धरला. त्यातून आवाज चांगला खणखणीत येत होता. मी जाऊन डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत, खूप आत, पाणी असतं. त्या पाण्यावर माणसाचा तोल चालतो आणि ऐकणंही चालतं. माझ्या डाव्या कानात त्या पाण्याचा दाब वाढतो. तो वाढला की घरघर, दडा, आणि मग चक्कर. त्यांनी रोगाचं एक विलायती नाव सांगितलं, ते माझ्या जिभेला अजून वळत नाही. "हा जाणारा रोग नाही," ते म्हणाले, "सांभाळायचा रोग आहे. गोळ्या घ्या, झोप मोडू नका, तंबाखू सोडा, चहा कमी करा. आणि मीठ तोडा. लोणचं, पापड, वरून मीठ, सगळं बंद. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघायचं."

मी एकच विचारलं, "गाडी?"

"आत्ता अजिबात नाही," ते म्हणाले. "हळदीचा पुढचा हंगाम येईपर्यंत एकही चक्कर आली नाही, तर मग बोलू."

त्या दिवसापासून माझ्यासाठी जगात एकच गोष्ट उरली. हंगाम येईपर्यंत पडायचं नाही. स्टेअरिंग परत घ्यायचं, आणि वारंग्यावर हसलेल्या सगळ्यांच्या दारावरून हॉर्न वाजवत जायचं.

घरी येऊन मी फर्मान काढलं. लोणच्याची बरणी भावाच्या घरी, पापडाचा डबा शेजारी, आणि माझ्या ताटात मीठ नाही. म्हणजे नाही. बायको पदर तोंडाशी धरून ऐकत होती. म्हणाली, "अजिबातच अळणी?" मी म्हटलं, "मराठीत सांगून राहिलो न्हवं?"

आमच्याकडं ताट वाढताना सगळ्यात आधी ताटाच्या डोक्याला चिमूटभर मीठ ठेवतात, मग बाकीचं वाढतात. त्या दिवशी तिनं ताट मांडलं आणि तिचा हात सवयीनं मिठाकडे गेला. तिथंच अडला. मग ती भाकर, वरण वाढून मागच्या दारी निघून गेली, मी जेवून उठेपर्यंत आत आली नाही. मला वाटलं, रुसली. नवऱ्याचं दुखणं म्हणजे बाईला कामाची भर, म्हणून नाराज. असे विचार माझ्या डोक्यात आपोआप येतात, बोलवावे लागत नाहीत.

पहिले काही दिवस वरण म्हणजे निव्वळ पिवळं पाणी. घास तोंडात फिरायचा. पण मी जिद्दीचा. आणि गंमत बघा, थोड्याच दिवसांत तेच वरण चांगलं लागायला लागलं. भाजीला चव आली. डॉक्टर म्हणालेच होते की जिभेला सवय होते. मी पारावर जाऊन सांगायला लागलो, "मीठ ही नुसती खोड आहे. मनावर घेतलं तर माणूस काहीही सोडतो. मला आता अळणी म्हणून जाणवत बी न्हाई." दोघातिघांना मी मीठ सोडायचा सल्लासुद्धा दिला.

फक्त एक होतं. चक्कर थांबत नव्हती. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत आली, अर्धी दाढी झालेली असताना. एकदा शेताच्या बांधावर आली, आणि मी गवत मुठीत धरून पालथा पडून राहिलो, जमीन सोडली तर आभाळात जाईन अशा भीतीनं. डाव्या कानाचं ऐकणंही कमी कमी होत चाललं होतं. प्रत्येक चक्कर म्हणजे हंगाम पुन्हा लांब. मग मी शोध घ्यायला लागलो की मला पाडतंय कोण.

आधी मेडिकलवाला. गोळ्या नकली असणार. हिंगोलीतल्या दुसऱ्या दुकानातून तीच पाकिटं आणली, दोन्ही उन्हात धरून अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. मग डॉक्टर. ह्याला मी परत परत यायला हवा आहे. मग भाऊ. तो रोज संध्याकाळी गाडी लावायला यायचा तेव्हा त्याच्या घरचा चहा आणायचा, बिनसाखरेचा, कमी पत्तीचा, माझ्यासाठी वेगळा केलेला. वेगळा कशाला? सगळ्यांच्या किटलीतला का नाही? मी तो चहा तुळशीत ओतायला लागलो. तुळस वाळली नाही, उलट फुटली, तरी माझं मन मानेना. ज्याला माझं स्टेअरिंग मिळालंय, त्यालाच माझ्या पडण्यात फायदा आहे. हिशोब सरळ होता. त्या हिशोबात माझी बायको कुठंच नव्हती. तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या बाबतीत तेवढा एकच माणूस माझ्या तावडीतून सुटला होता.

मग कळमनुरीकडे तिच्या माहेरी लग्न निघालं. एसटीच्या हेलकाव्याची मला धास्ती, म्हणून मी मागं राहिलो. ती आठवडाभर तिकडं, आणि मी चुलीशी. मला एक मुगाची खिचडी येते. केली. मीठ अर्थातच नाही. पहिला घास घेतला आणि थुंकला.

माती. निव्वळ माती. मला वाटलं मूग जुने आहेत. दुसऱ्या दिवशी नुसतं वरण केलं, तिच्याच डब्यातली डाळ, तिचंच पातेलं. पुन्हा पिवळं पाणी. मी पळी हातात धरून तसाच उभा राहिलो. माझी जीभ तर सुधारली होती ना? पारावर मी एवढी तारीफ केली तिची! जीभ दोन दिवसांत बिघडत नाही. म्हणजे ती सुधारलीच नव्हती. म्हणजे तिला मीठ मिळत होतं. रोज, बराबर, मला कळणार नाही इतपत वाढवत वाढवत.

आणि तो सबंध आठवडा कान हलका होता.

मला रडू आलं का? नाही, राग आला. आणि रागाच्या मागं नेहमीप्रमाणे संशय. काहून केलं असंल हिनं? मी गाडीवर असताना हिचा जीव टांगणीला असायचा, म्हणून मला घरी बसवायचं होतं? की भावाशी बोलणं झालंय? त्याचा तो वेगळा चहा आणि हिचं हे मीठ, दोघांचं संगनमत? ती परत आली तोवर माझा खटला तयार होता. फक्त रंगेहाथ धरायची होती.

ती आली त्या दिवशी मी बाज घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो आणि सैल झालेली सुतळी आवळायचं नाटक केलं. तिनं आमटी टाकली. उकळी आली. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि बरणी उघडली. चिमूट घेतली. आणि आमटीत टाकायच्या आधी ती चिमूट गळ्यातल्या मंगळसूत्राला लावली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली.

"काय टाकून राहिली?" मी ओरडलो.

पळी तिच्या हातातून पडली. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "मला मारायला निघाली व्हय तू?"

तेव्हा ती वळली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मारायला? तुमचे वडील गेले, तवा सुतकात अळणी कोणी रांधलं? मी. पिंडाचा भात अळणी कोणी केला? मी. हेच हात, हेच पातेलं. अळणी जेवण मेलेल्याच्या घरात असतंय, अहो! आन तुमी म्हणता रोज वाढ. जित्या माणसाला, सकाळ संध्याकाळ, ह्या हातानं? डॉक्टरला काय जातंय सांगायला? कुंकू माझं जातंय!"

आणि मग हळू आवाजात, "मला वाटलं, चिमूटभरानं काय होतंय. तेवढ्यानं ताट जित्याचं तरी ऱ्हाईल."

मी काही बोलायला हवं होतं. बोललो ते हे: "तुझ्या चिमटीनं माझं स्टेअरिंग गेलं."

ती खाली बसून सांडलेली आमटी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक खरा अळणी झाला. तिनं ताट मांडलं, आणि आधी डोक्याला चिमूटभर मीठ ठेवलं. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "खाऊ नका. पण तिथं असू द्या." मी तिथं असू दिलं. जेवण झाल्यावर ते मीठ जसंच्या तसं उरायचं, ती ताटाबरोबर धुऊन टाकायची.

चक्कर थांबली. खरंच थांबली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. घरघर होती, पण लांब. मी काठीशिवाय शेतात जाऊन येऊ लागलो. आणि प्रत्येक चांगल्या दिवशी मी तिला ऐकवायचो, "बघ. मीठ बंद, चक्कर बंद." मला ते नुसतं समाधानाचं बोलणं वाटायचं. तिला ते रोज सकाळी कसं लागत असेल, हे मी बघितलं नाही. ती जेवायची कमी झाली होती. लग्नाकार्याला जाईना. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "माझ्या हातानं ह्यांचा कान गेला." हे मला फार नंतर कळलं.

हळदीच्या भट्ट्या पेटल्या. गावात उकडलेल्या हळदीचा वास सुटला. नांदेडला जायचा दिवस ठरला होता, त्याच्या आदल्या सकाळी मी भावाकडून चावी मागून घेतली. चालवायची नव्हती, नुसतं बसायचं होतं. तो चावी देऊन बाजूला झाला. मी चढलो, आरसा माझ्या उंचीला वळवला, चावी फिरवली. इंजिन लागलं. गाडी थरथरली, आणि मी स्टेअरिंगवर हात ठेवून अंगण बघत राहिलो. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग कान दाटला. अंगण उजवीकडे निघालं.

इंजिन बंद करून चावी तेवढी मला काढता आली. भावानं मला खाली घेतलं आणि अंगणात आडवं केलं. बायको धावत आली. मी ओकत होतो, जग पळत होतं, आणि तशातही माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच की हिनं परत टाकलं. मी तिच्याकडे बघायला मान वळवली. तिचा चेहरा धरून ठेवणं अवघड होतं, तोही पळत होता. पण जेवढा दिसला तेवढा पुरला. ती माझं तोंड पदरानं पुसत होती आणि भेदरलेली होती. पण त्या भेदरण्याच्या मागं दुसरं काहीतरी होतं, जे तिला दाबता येत नव्हतं. वर्षभर कोंडलेल्या माणसाला दार किलकिलं झालेलं दिसावं, तसं.

ती माझ्या उजव्या कानाशी वाकली. "अहो," ती म्हणाली, "एक कण बी न्हवता मिठाचा. शपथ. मग आधीचं ते बी माझ्यामुळं न्हवतं ना?"

मला माहीत होतं की तिचं म्हणणं मानलं तर स्टेअरिंग संपलं. मिठावर खापर फोडत होतो तोवर रोग माझ्या मुठीत होता. मीठ नाही म्हणजे रोग त्याच्या मर्जीचा, कधीही येणार, रस्त्यात येणार, चाकाखाली कुणाचं लेकरू येईल तेव्हा येणार. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं: मिठानं जोर कमी झाला असेल, पण आधीच्या चकरा मिठानंच आल्या असं कुणी म्हणू शकत नाही. पण हे मला अंगणात पडल्या पडल्याच कळलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "तुझ्यामुळं न्हवतं."

ती तिथंच, मातीत, माझं डोकं मांडीवर घेऊन मोठ्यानं रडली. भाऊ तोंड फिरवून उभा होता. माझ्या मुठीतली चावी त्यानं मागितली नाही, मीच दिली. आरसा वळवायलाही मीच सांगितला.

आता गाडी तोच चालवतो. मी मोंढ्यात उजवा कान पुढं करून सौदे ऐकत बसतो, आणि सगळे मला फसवून राहिलेत असं मला अजूनही वाटतं. जेवताना ताटाच्या डोक्याला मीठ असतं. मी त्याला बोट लावत नाही. पण ताट उचलताना ती वाकून बघते, चिमूट तेवढीच आहे का, मी चोरून खाल्लं तर नाही ना. माझ्यावर संशय घेते, माझ्या तोंडासमोर. मी तिला रोज नीट बघू देतो.